जहाजातून हिमनद्या बघायच्या तर कुठे? अलास्का, स्वालबार्ड की अंटार्क्टिका

आंब्याचा हंगाम आटोपला, कॅनिंगचे पैसे हातात आले की रत्नागिरी-दापोली पट्ट्यात फिरायला जायच्या गप्पा सुरू होतात. काश्मीर झालं, दुबई झाली, बसमधून आठ देश दाखवणारं युरोपही झालं. हल्ली वेगळीच चौकशी कानावर येते: जहाजातून हिमनद्या, देवमासे, पेंग्विन बघायचेत, कुठे जावं? एजंट तिन्ही ठिकाणांची सारखीच निळीशार पत्रकं समोर टाकतो आणि आपल्याला वाटतं, बजेटप्रमाणे एक उचलायचं. पण या तिघांत जनावरं वेगळी, जहाजं वेगळी, महिने वेगळे, आणि खर्च तर कुठल्या कुठे. अस्वल आणि पेंग्विन एकाच सफरीत दिसतील असं समजणारेही भेटतात. अस्वल उत्तरेला, पेंग्विन दक्षिणेला. मध्ये अख्खी पृथ्वी आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. आई-वडिलांना घेऊन जायचंय, थंड प्रदेशातली पहिलीच सफर आहे, तर अलास्का. गुडघे धड आहेत आणि आयुष्यात एकदाच मोठा खर्च करायचाय, तर अलास्काच्या वाटेलाही न जाता सरळ अंटार्क्टिका. स्वालबार्ड, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेची बेटं, हे ज्याला पांढऱ्या अस्वलाचं वेड आहे त्याचं ठिकाण. बाकीच्यांनी त्यात पैसे घालायची घाई करू नये.

आधी घरचं पंचांग

अलास्काची जहाजं एप्रिलअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतात. स्वालबार्डचा खरा हंगाम जून ते ऑगस्ट. अंटार्क्टिका नोव्हेंबर ते मार्च, कारण तिकडचा उन्हाळा तेव्हा.

आता हे आपल्या वर्षावर ठेवून बघा. बागायतदाराला नोव्हेंबर ते जानेवारी मोहोर आणि फवारण्या, पुढे मेअखेरपर्यंत तोडणी आणि पेट्या. म्हणजे अंटार्क्टिकाचा हंगाम नेमका बागेच्या हंगामावर बसतो, आणि विमानप्रवास धरून तिथे अडीच आठवडे सहज जातात. तुडतुड्याच्या दिवसांत बाग गड्यांवर टाकून पेंग्विन बघायला जाणारा बागायतदार मला तरी अजून भेटायचाय. नोकरदाराला किंवा निवृत्ताला ही अडचण नाही; उलट दिवाळी उरकून निघता येतं.

तारकर्ली-गुहागरकडे होमस्टे चालवणाऱ्यांचं गणित उलटं. त्यांचा धंदा पावसात बंद, म्हणून अलास्का किंवा स्वालबार्ड त्यांना आयतंच जमतं. गणपती २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला आहेत आणि २०२७ मध्ये ४ सप्टेंबरला, त्यामुळे दोन्ही वर्षी ऑगस्टचे पहिले तीन आठवडे मोकळे आहेत. लावणी उरकलेली, चाकरमानी अजून यायचेत. अलास्कात तेव्हा सामन मासे नद्यांत चढत असतात आणि त्यांच्या मागावर अस्वलं ओढ्याकाठी येतात. पाऊस मात्र मे-जूनपेक्षा जास्त. केचिकन या बंदरात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे रत्नागिरीच्याच मापाचा, फक्त तो बारा महिन्यांत वाटून पडतो. कोरडं आकाश हवं असेल तर मेअखेर किंवा जूनचा पहिला पंधरवडा धरा.

अलास्का: मोठं जहाज, शांत पाणी

नेहमीची सफर सात रात्रींची. व्हँकुव्हर किंवा सिएटलहून निघून केचिकन, जुनो, स्कॅगवे अशी बंदरं करत जहाज उत्तरेला जातं. वाट बरीचशी बेटांच्या आडोशाने जाते, त्यामुळे पाणी दाभोळच्या खाडीइतकं नसलं तरी बऱ्यापैकी शांत असतं. ज्यांना कुंभार्ली घाटात गाडी लागते त्यांच्यासाठी एवढं एक कारण पुरेसं आहे.

पत्रक वाचताना एकच गोष्ट शोधा: ग्लेशियर बे प्रवासक्रमात आहे का. या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठी जहाजं सोडतात, म्हणून सगळ्या सफरींत ते नसतं. १७९४ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हर या ब्रिटिश दर्यावर्दीच्या मोहिमेला या उपसागराच्या तोंडाशीच बर्फाची भिंत आडवी आली होती. आज जहाजाला त्याच जागेपासून शंभरेक किलोमीटर आत जावं लागतं, तेव्हा कुठे मार्जरी हिमनदीचा कडा समोर येतो. पाण्यावर त्याची उंची पाऊणशे मीटरच्या आसपास. उद्यानाचे रेंजर जहाजावर चढतात आणि माहिती सांगतात. कड्याचा एखादा भाग सुटतो तेव्हा आधी तो पडताना दिसतो, आणि कडकडाट दोन-तीन सेकंदांनी येतो. तोवर खाली पाण्याचा फवारा उठलेला असतो. लोक आवाज ऐकून मान वळवतात आणि त्यांचं बघायचं राहतं. जहाज तिथे गोल फिरतं, तेव्हा केबिन डावीकडे की उजवीकडे यावर घरात वाद घालू नका.

ग्लेशियर बे मिळालं नाही तर हबर्ड हिमनदी बघा. सुमारे १२२ किलोमीटर लांब, आणि समुद्राला भिडणारा तिचा कडा दहा किलोमीटरच्या घरात रुंद. पण तिकडे जाताना उघडा समुद्र लागतो. तिसरा पर्याय म्हणून ट्रेसी आर्म किंवा एंडिकॉट आर्म लिहिलेलं असतं; आर्म म्हणजे डोंगरांत शिरलेला समुद्राचा अरुंद फाटा. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रेसी आर्मच्या आतल्या टोकाला प्रचंड दरड पाण्यात कोसळून त्सुनामी उठली. दरड म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. तेव्हा यातलं नेमकं कुठलं आर्म आहे, ते बुकिंगआधी लेखी घ्या.

जनावरांच्या बाबतीत अलास्का उदार आहे. हंपबॅक देवमासे हिवाळ्यात हवाईकडे असतात आणि उन्हाळ्यात पोट भरायला इथे येतात. कधी पाच-दहा देवमासे मिळून पाण्याखालून बुडबुड्यांचं जाळं करतात, हेरिंग माशांचा थवा त्यात कोंडतात आणि सगळे एकदम तोंड उघडून वर येतात. हे मोठ्या जहाजाच्या अकराव्या मजल्यावरून नीट दिसत नाही. त्यासाठी जुनोहून वेगळ्या छोट्या बोटीचं तिकीट काढावं लागतं. म्हणून माझा सल्ला असा की बाल्कनीची केबिन सोडा, आतली बिनखिडकीची घ्या, आणि वाचलेले पैसे त्या बोटीत घाला. हिमनदीच्या दिवशी कुणी बाल्कनीत बसत नाही, सगळे वर डेकवरच असतात. याशिवाय पाणमांजरं, सील, पांढऱ्या डोक्याचे गरुड. वेळासच्या बाजूला समुद्री गरुडाचं घरटं बघितलेल्यांना हे गरुड तिथे बंदरातल्या दिव्याच्या खांबांवरही बसलेले बघून गंमत वाटेल.

उणीव एकच, पण मोठी. या जहाजांवर दोन-चार हजार माणसं असतात आणि हिमनदीजवळ उतरणं नाही. बर्फ समोर असतो, हाताशी नसतो. जुनोजवळची मेंडनहॉल हिमनदी बसने जाऊन बघता येते, तीही तळ्यापलीकडे.

अंटार्क्टिका: तिथे उतरता येतं

अर्जेंटिनाच्या टोकावरच्या उशुआया बंदरातून जहाज निघतं आणि ड्रेक पॅसेज ओलांडायला दोन दिवस घेतं. येताना पुन्हा दोन. हा जगातल्या सगळ्यात खवळलेल्या समुद्रांपैकी एक. कधी निमूट असतो, कधी ताटं टेबलावर राहत नाहीत. बोट लागत असेल तर ॲव्होमिनच्या भरवशावर न राहता डॉक्टरांकडून नीट औषध घेऊन जा. ड्रेक टाळायचा तर चिलीतल्या पुंता अरेनासहून किंग जॉर्ज बेटापर्यंत दोन तासांचं विमान आहे. ते महाग पडतं, आणि हवा बिघडली की थांबून राहावं लागतं.

इथे जहाज निवडताना कंपनीच्या नावाआधी प्रवाशांचा आकडा विचारा. पाचशेपेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून कुणालाच उतरवत नाहीत. लहान जहाजातूनही एका ठिकाणी एका वेळी शंभरच माणसं किनाऱ्यावर. म्हणजे दीडशेच्या जहाजात तुमची पाळी लवकर येते, साडेचारशेच्या जहाजात अर्धा दिवस वाट बघण्यात जातो. स्वस्त तिकीट बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचं असतं.

उतरणं म्हणजे काय तेही समजून घ्या. जहाजाच्या शिडीवरून हलत्या रबरी बोटीत पाय टाकायचा, खलाशी तुमचं मनगट धरतो, तुम्ही त्याचं. किनाऱ्याशी गुडघाभर पाण्यात उतरून गोट्यांवरून वर जायचं. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाताना होडीतून चढ-उतार विनातक्रार करता येत असेल, तर इथेही निभेल. तिथेच कुणी उचलून घ्यावं लागत असेल, तर अलास्काचा विचार करा.

पण एकदा त्या बोटीत बसलात आणि चालकाने इंजिन बंद केलं की तरंगणाऱ्या बर्फातून बारीक तडतड ऐकू येते. हिमनदीत दाबून कोंडलेली हवा बर्फ विरघळताना बुडबुड्यागणिक सुटत असते. तुकडा जितका जुना आणि घट्ट दाबलेला, तितका त्याचा रंग निळा. लाल उजेड तो शोषून घेतो.

पेंग्विनसाठी महिना बघून जा. नोव्हेंबरात बर्फ स्वच्छ, घरटी नुकती मांडलेली. डिसेंबरअखेर ते जानेवारी पिल्लं. फेब्रुवारी-मार्चमध्ये देवमासे भरपूर, पण तोवर वसाहतींचा चिखल झालेला असतो आणि वास असा, की सुक्या बोंबलांच्या वळईशेजारी वाढलेल्या हर्णैकराने नाकाला रुमाल लावावा. पाच मीटरच्या आत जायचं नाही, पेंग्विन वाटेत आला तर थांबायचं आपण. बर्ड फ्लू तिथवर पोचल्यापासून जमिनीवर बसायला किंवा सामान टेकवायलाही मनाई आहे. निघण्याआधी जॅकेटचे खिसे आणि बुटांचे तळ साफ करून घेतात. गवताचं एक बीसुद्धा जाता कामा नये.

हमखास येणारा प्रश्न: भारताचं तिथलं मैत्री हे संशोधन केंद्र दाखवतात का? नाही. मैत्री आणि भारती ही दोन्ही केंद्रं या पर्यटकी भागापासून फार लांब, खंडाच्या पूर्व बाजूला आहेत. मात्र पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला आपल्या शेजारच्या गोव्यातूनच निघाली होती आणि ९ जानेवारी १९८२ ला तिथे उतरली. या मोहिमांचं काम बघणारी राष्ट्रीय संस्थाही वास्कोत आहे.

स्वालबार्ड

नॉर्वेच्या उत्तरेला ७४ ते ८१ अक्षांशांत पसरलेली बेटं. ओस्लोहून विमानाने लाँगइयरब्येन, तिथून लहान जहाज. वॉलरस, समुद्रपक्ष्यांनी भरलेले कडे, हिमनद्या सगळं आहे, पण लोक जातात अस्वलासाठी. २०२५ पासून नियम कडक झालेत: अस्वलापासून ३०० मीटर लांब राहायचं, मार्च ते जून ५०० मीटर. संरक्षित भागात दोनशेपेक्षा जास्त प्रवाशांचं जहाज जाऊ शकत नाही. नियम योग्यच आहेत, पण चांगली दुर्बीण नसेल तर अस्वल म्हणजे बर्फावरचा पिवळसर ठिपका. जिथे उतरवतात तिथे आधी बंदूकधारी गाईड जाऊन बघून येतात. भारताचं हिमाद्री हे संशोधन केंद्र २००८ पासून इथल्या न्यू-ऑलसुंदला आहे, आणि काही जहाजं त्या गावात थांबतात. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही. संकष्टी करणाऱ्यांनी चंद्रोदयाचा प्रश्न आधीच सोडवून ठेवावा.

नॉर्वेच्याच मुख्य किनाऱ्यावरची बर्गन ते किर्कनेस सफर स्वस्त आणि सुरेख आहे, पण तिथे हिमनद्या समुद्रापर्यंत येत नाहीत. हिमनदीसाठी म्हणून ती घेऊ नका.

पैसे आणि कागद

अलास्काची आतली केबिन हंगामाच्या कडेला माणशी हजार डॉलरच्या आतही मिळते. वर टिप्स, वायफाय, बंदरावरच्या सहली, आणि मुंबईहून विमान. अंटार्क्टिकाची दहा-अकरा दिवसांची सफर पाच-सहा हजार डॉलरच्या खाली सहसा नाही. स्वालबार्डही त्याच पंगतीत. टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे एजंटने आधीच घेतलेला आयकर, कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात.

व्हिसाच्या बाबतीत मात्र स्वस्त अलास्काच सगळ्यात किचकट. अमेरिकेचा तर हवाच, पण सिएटलहून निघणारी जहाजंही कॅनडातल्या व्हिक्टोरियाला टेकतात. १८८६ च्या अमेरिकी कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजाला मध्ये परदेशी बंदर करावंच लागतं. म्हणून कॅनडाचाही व्हिसा. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख हातात येईपर्यंत परत न मिळणारी रक्कम भरू नका. स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा नाही, पण ते शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या पट्ट्याच्या, बाहेर आहे. जाताना-येताना ओस्लो लागतं, म्हणून शेंगेन दोनदा प्रवेशाचा मागा. एकदाचाच मिळाला तर परतीची पंचाईत. अंटार्क्टिकाला व्हिसा नसतो, अर्जेंटिनाचा बघावा लागतो. वाटेत इथिओपिया किंवा ब्राझील असेल तर पीतज्वराच्या लशीची चौकशी आधी करा, कारण तिचा दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. विम्यात आजारी माणसाला जहाजावरून हलवण्याचा खर्च धरलाय का, ते बारीक अक्षरात वाचा. ध्रुवीय जहाजं त्याशिवाय चढूच देत नाहीत.

कपड्यांचा बाऊ नको. दापोलीत जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो, अलास्कात उन्हाळ्यातली दुपार त्याहून उबदार असते. अंटार्क्टिकात शून्याच्या आसपास, स्वालबार्डला जुलैत पाच-सात. जाड कोट बऱ्याच ध्रुवीय जहाजांवर मिळतो, गमबूटही उसने देतात. आत घालायचे लोकरी थर आणि हातमोजे तेवढे मुंबईहून घ्या. अलास्कासाठी स्वेटरपेक्षा टोपीवाला चांगला रेनकोट महत्त्वाचा. छत्री घरीच राहू द्या, डेकवरच्या वाऱ्यात ती पहिल्या मिनिटाला उलटी होते.