संगणक-वापराची शिस्त लावणारी सेवा: शिरोलीच्या कारखान्यातील नऊ महिन्यांचा अनुभव

शिरोली एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर, म्हणजे धातूच्या ओतीव भागांवर, यंत्रकाम होते. अकाउंट्स, स्टोअर्स, ड्रॉइंग विभाग, क्वालिटी आणि शॉपफ्लोअर मिळून ४१ संगणक आहेत आणि प्रशासनाची जबाबदारी माझ्याकडे आहे. गेल्या काही वर्षांत माझ्या टेबलावर हजेरीपेक्षाही जास्त वेळा जी तक्रार आली, ती संगणकाच्या गैरवापराची होती. कोणी कामाच्या वेळेत क्रिकेटचा सामना लावून बसलेला, कोणी घरचा पेन ड्राइव्ह जोडलेला, कोणी परवानगीशिवाय सॉफ्टवेअर उतरवून घेतलेले, आणि नावे बहुतेक वेळा तीच. तोंडी समज, लेखी ताकीद, सूचना फलकावर परिपत्रक आणि महिन्याभराने पुन्हा तीच ताकीद, असे चक्र चालू होते. एकाच माणसाला एकाच गोष्टीसाठी तिसरे पत्र देताना त्या पत्राचे वजन किती उरते, हे ज्यांनी अशी पत्रे काढली आहेत त्यांना सांगायला नको.

म्हणून आम्ही कोल्हापुरातीलच एका संगणक-सेवा संस्थेला हे काम वार्षिक कराराने दिले. सुरुवातीची मांडणी ४५ हजार रुपये आणि नंतर प्रत्येक संगणकामागे महिन्याला ३५० रुपये, असा दर ठरला. त्यात वेबसाइटवरील निर्बंध, प्रत्येकाचे स्वतंत्र लॉगिन, पेन ड्राइव्हवरील नियंत्रण, दरमहा अहवाल, नियमावलीचा मसुदा आणि शिस्तभंगाच्या कारवाईसाठी लागणाऱ्या नोंदी पुरवणे एवढी कामे होती. पुढे मला दोन गंभीर तक्रारीही मांडायच्या आहेत आणि त्या त्यांनी दुरुस्त केल्या आहेत, म्हणून संस्थेचे नाव येथे देत नाही.

या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट पहिल्या दोन आठवड्यांतच दिसली. त्यांनी काहीही बंद केले नाही. त्यांची दोन माणसे प्रत्येक विभागात अर्धा-अर्धा दिवस बसली, काम कसे चालते ते पाहिले आणि नियम कोण मोडतो यापेक्षा तो का मोडला जातो, हे लिहून काढले. त्यांनी दिलेल्या टिपणात ड्रॉइंग विभागातील एका मुलाचे नाव सर्वांत वर होते. स्वतःच्या मोबाइलचे हॉटस्पॉट जोडून व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून ग्राहकाला ड्रॉइंग पाठवल्याबद्दल मी त्याला तीन लेखी ताकिदी दिल्या होत्या. त्यांच्यासमोर त्याने जे सांगितले ते मला त्याने कधी सांगितले नव्हते, किंवा मी विचारले नव्हते: "आवो साहेब, मोठी फाइल मेलनं जाईना झालीया, चाकणचं गिऱ्हाईक फोन धरून बसलंय, मी काय करू सांगा." आमच्या मेलवर एका वेळी २५ एमबीपर्यंतचीच जोडपत्रे जातात आणि त्रिमितीय मॉडेलच्या फाइली त्याहून सहज मोठ्या होतात. त्याच्यापुढे दोनच रस्ते होते, नियम पाळून माल रखडवणे किंवा नियम मोडून काम पुरे करणे. संस्थेने ग्राहकांसाठी सुरक्षित सामायिक फोल्डर उघडून दिले, ज्याची लिंक ठरावीक दिवसांनी आपोआप बंद होते. त्या दिवसानंतर त्या मुलाच्या नावावर एकही नोंद नाही. तिन्ही ताकिदी मी त्याच्या फाइलमधून लेखी टिपणासह मागे घेतल्या आहेत.

शॉपफ्लोअरवरही असेच निघाले. आम्ही सरसकट पेन ड्राइव्हबंदी केली होती. पण आमच्या व्हीएमसी, म्हणजे संगणकीय प्रोग्रामवर धातू कापणाऱ्या, यंत्रांपैकी जुन्या यंत्रांना प्रोग्राम पेन ड्राइव्हनेच द्यावा लागतो. बंदी लागू झाल्यावर प्रत्येक ऑपरेटर आपापला पेन ड्राइव्ह खिशात बाळगू लागला, म्हणजे बंदीपूर्वी निदान कोणता पेन ड्राइव्ह कुठे आहे हे माहीत तरी होते. आता यंत्रविभागाचे क्रमांक घातलेले चार पेन ड्राइव्ह आहेत, संगणक फक्त तेवढेच ओळखतात, आणि ते प्रोग्रामिंगच्या टेबलावरील एका संगणकावर तपासूनच पुढे जातात. क्वालिटीतील सीएमएमचा, म्हणजे भागांची मापे घेणाऱ्या यंत्राचा, संगणक मात्र अजून विंडोज ७ वर आहे, कारण मोजमापाचे सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर चालत नाही. १४ जानेवारी २०२० नंतर त्या प्रणालीला सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून तो इंटरनेटपासून तोडून ठेवलेला होता, आणि गाणी ऐकायला कोणीतरी मोबाइल केबलने जोडून त्यावर इंटरनेट आणले होते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडवून खंडणी मागणारा विषाणू जगभर पसरला तो बहुतांशी मार्चमध्येच उपलब्ध झालेली दुरुस्ती न बसवलेल्या विंडोज संगणकांतून, हे त्यांनी त्या टेबलाशी उभे राहून तेथील मुलांना सांगितले. तेथे एक साधा रेडिओ ठेवण्याची सूचनाही त्यांचीच आणि ती आम्ही मान्य केली.

अकाउंट्समधील प्रकार वेगळा आणि माझ्या दृष्टीने जास्त गंभीर होता. टॅलीचा एक पासवर्ड चौघांत वापरला जात होता आणि तो कीबोर्डच्या खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेला होता. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबाचे असेच सॉफ्टवेअर वापरावे लागते, ज्यात प्रत्येक नोंदीतील बदलाचा माग राहतो आणि तो माग बंद करता येत नाही. चौघे एकाच नावाने आत जात असतील तर तो माग कोणाचा, हे लेखापरीक्षकाला सांगता येणार नाही. येथे अडचण कामाची नव्हती, सवयीची होती. स्वतंत्र लॉगिन दिल्यावर पहिला महिना रोज कोणी ना कोणी दुसऱ्याचा पासवर्ड मागत होते. संस्थेच्या मुलीने त्यावर ओरडा न करता प्रत्येकाला हवे तेवढेच अधिकार लावून दिले, त्यामुळे दुसऱ्याच्या नावाने आत जाण्याचे कारणच उरले नाही.

नियमावलीबाबत मात्र आम्हाला भांडावे लागले. त्यांनी आणलेला पहिला मसुदा ११ पानांचा आणि पूर्ण इंग्रजीत होता. आमच्या निम्म्याहून अधिक कामगारांना तो वाचता आला नसता. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियम, १९४६ ने घालून दिलेली पद्धतच अशी होती की स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातील कामाच्या अटी आणि शिस्तीचे नियम, बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही प्रवेशद्वारापाशी लावायचे. वरिष्ठांचा आदेश न मानणे हे गैरवर्तन ठरते तेदेखील तो आदेश कायदेशीर आणि वाजवी असेल तर. जो नियम माणसाला वाचताच आला नाही, त्याच्या भंगाबद्दल त्याला कोणत्या तोंडाने शिक्षा करायची? शेवटी मराठीत अडीच पानांची नियमावली झाली, कँटीनमध्ये दोन्ही पाळ्यांना वाचून दाखवली आणि प्रत्येकाने शंका विचारून मग सही केली. "कार्यालयीन संसाधनांचा अनुचित वापर" असे न लिहिता "कंपनीच्या संगणकावर सिनेमा, सामना, खेळ लावू नये; जेवणाच्या सुट्टीत वर्तमानपत्र किंवा बँकेचे काम चालेल" असे लिहिले. सुट्टीतील मुभेचे हे एक वाक्य मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण त्याने लपवाछपवी बरीच थांबली.

आता पहिली तक्रार. चौथ्या महिन्याच्या अहवालात स्टोअर्समधील संगणकावर दुपारी सव्वादोनच्या सुमारास सलग तासभर सामना पाहिल्याची नोंद होती. त्या वेळी पहिल्या पाळीत स्टोअर सांभाळणारे मामा तेथे असतात. कारखान्यात सगळेच त्यांना मामा म्हणतात. मी त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली. दुसऱ्या दिवशी ते नोटीस घडी करून हातात घेऊन आले, टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, मला त्यो चालूबी करता येत न्हाई." ते खरे होते. त्या संगणकाची मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपलेली होती, त्यामुळे वीज गेली की त्याचे घड्याळ मागे पडत असे. एरवी विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवून घेते, पण संस्थेने नव्याने बसवलेल्या फायरवॉलमध्ये, म्हणजे इंटरनेटची ये-जा गाळणाऱ्या व्यवस्थेत, वेळ जुळवण्याचा मार्गच बंद राहिला होता. प्रत्यक्षात तो सामना रात्री दुसऱ्या पाळीत पाहिला गेला होता, आणि स्टोअर्सचे लॉगिन तोवर दोन्ही पाळ्यांना एकच होते. ज्या नोंदीवर माणसाची भाकरी अवलंबून आहे, त्या नोंदीतील वेळ खरी आहे की नाही हे न तपासता अहवाल हातात देणे ही संस्थेची चूक होती. तो अहवाल तसाच उचलून सही करणे ही माझी चूक होती. मी स्टोअर्सच्या सर्व माणसांसमोर मामांची माफी मागितली आणि नोटीस लेखी मागे घेतली. संस्थेने त्याच आठवड्यात सर्व संगणकांची घड्याळे एका ठिकाणाहून जुळवली, सात बॅटऱ्या बदलल्या आणि आता प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर वेळेच्या पडताळणीची नोंद असते. ज्यांना अशी सेवा घ्यायची आहे त्यांनी पहिल्याच दिवशी ही अट घालावी.

दुसरी तक्रार पडद्याच्या छायाचित्रांची. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दर दहा मिनिटांनी पडद्याचे चित्र घेण्याची सोय होती आणि ती आम्हाला न विचारता सुरू केलेली होती. अहवाल चाळताना माझ्यासमोर एका सहकारी भगिनीच्या रक्त-तपासणीचा निकाल उघडला. तिने तो जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे आम्हीच दिलेल्या मुभेत, पाहिला होता. मी ते पान त्याच क्षणी बंद केले आणि संध्याकाळपर्यंत ती सोय सर्व संगणकांवरून काढायला लावली, साठवलेली चित्रेही माझ्यासमोर पुसून घेतली. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला आहे. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा मालकाला नोकरीच्या कामापुरती आणि नुकसान टाळण्यापुरती माहिती वापरण्याची वाट ठेवतो, परंतु कर्मचाऱ्याच्या आजाराचा कागद पाहण्याने कारखान्याचे कोणते नुकसान टळते? कोणती साइट, किती वेळ, कोणत्या लॉगिनवरून, एवढे शिस्तीसाठी पुरते.

राहिला तो खरा मुजोरीचा प्रकार. कार्यालयातील एकाने एनीडेस्क (दुरून संगणक चालवण्याचे सॉफ्टवेअर) आणि चोरीच्या चाव्या लावलेले ड्रॉइंग सॉफ्टवेअर तीन वेळा काढूनही पुन्हा बसवले. त्याला कामाची अडचण नव्हती, नियम माहीत नव्हता असेही नाही, कारण नियमावलीवर त्याची सही होती. त्याला पुन:पुन्हा ते जमत होते कारण आमच्या ४१ ही संगणकांचा अ‍ॅडमिन पासवर्ड एकच होता आणि तो त्याला ठाऊक होता. संस्थेने प्रत्येक संगणकाला वेगळा अ‍ॅडमिन पासवर्ड दिला आणि रोजच्या लॉगिनमधून सॉफ्टवेअर बसवण्याचा अधिकार काढला. त्यानंतरही त्याने अधिकार मिळवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा मात्र आम्ही थांबलो नाही. कारणे दाखवा नोटीस, त्याचा लेखी खुलासा, त्याच्याशी संबंध नसलेल्या विभागाचा चौकशी अधिकारी, नोंदींची प्रत त्याच्या हातात आणि त्याला सोबत सहकारी आणण्याची मोकळीक, असे सगळे रीतसर केले. १९४६ च्या त्या अधिनियमाखालील आदर्श (नमुना) स्थायी आदेशांनुसार शिक्षा म्हणून एका वेळी चार दिवसांपर्यंत निलंबित करता येत असे. आम्ही दोन दिवस केले. या चौकशीत संस्थेचा माणूस येऊन प्रत्येक नोंद कशी तयार होते ते साध्या मराठीत समजावून गेला, त्या कर्मचाऱ्याच्या उलट प्रश्नांना न चिडता उत्तरे दिली आणि जेथे नोंद अपुरी होती तेथे ती अपुरी आहे असे स्वतःहून सांगितले. मामांच्या प्रकरणानंतर ही सावधगिरी आली असावी, पण आली हे महत्त्वाचे. तो कर्मचारी आजही आमच्याकडेच आहे.

बोलावल्यावर यायला त्यांना सहसा तासाभराहून जास्त लागत नाही. दुसऱ्या पाळीत मात्र फोनवरच भागवावे लागते, आणि रात्री व्हीएमसी बंद पडून बसल्यावर फोनवरील मदत पुरत नाही. बिले वेळेवर आणि स्पष्ट येतात. दहा-पंधरा संगणकांच्या उद्यमनगरातील छोट्या कार्यशाळेला एवढ्या मांडणीची गरज नाही. तेथे स्वतंत्र लॉगिन, मर्यादित अधिकार आणि एका पानाचा मराठी नियम एवढे मालकानेच केले तरी पुष्कळ आहे. चाळीसच्या पुढे संगणक आणि दोन पाळ्या असलेल्या कारखान्याला ही सेवा मी जरूर सुचवेन.

करार पुढील वर्षासाठी वाढवताना आम्ही त्यात तीन कलमे घातली आहेत: पडद्याचे चित्र कधीही घेतले जाणार नाही, अहवालातील नावे माझ्याशिवाय आणि त्या विभागप्रमुखाशिवाय कोणाला दिसणार नाहीत, आणि कोणाच्याही विरुद्ध नोंद देण्यापूर्वी त्या संगणकाची वेळ व लॉगिन तपासल्याची सही संस्थेच्या माणसाने करायची. तिसऱ्या कलमाला त्यांनी थोडी कुरकुर केली, मग सही केली. दुसऱ्या पाळीसाठी माणूस देण्याबाबत बोलणी अजून चालू आहेत.