नदीवरून पाणी उचलायचंय: एक मोठा पंप, की दोन लहान?

चार-पाच भाऊबंद मिळून नदीवरून वरच्या रानापर्यंत लाइन टाकायला निघाले की हा प्रश्न येतोच. कुणी म्हणतं एकच दणकट पंप बसवू. कुणी म्हणतं दोन बसवू, पाणी दुप्पट येईल. हे ‘दुप्पट’ आधी तपासा, सगळी गोम तिथेच आहे.

समजा उभी चढण २० मीटर, लाइन पाच इंची आणि सुमारे ५०० मीटर लांब. पंप असा, की व्हॉल्व्ह बंद ठेवला तर ४५ मीटर हेड (पाणी किती उंच ढकलू शकतो तो जोर) दाखवतो आणि सेकंदाला १८ लिटर देताना २८ मीटरवर येतो. या लाइनवर तो एकटा साधारण तेवढंच, १८ लिटर पाणी देईल. शेजारी तसाच दुसरा पंप बसवून दोघांची डिलिव्हरी (पाणी बाहेर पडणारी बाजू) त्याच पाइपात सोडली, तर ३६ लिटर मिळत नाहीत, जेमतेम २६ मिळतात. कारण घर्षण प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. एका पंपावर घर्षणात ८ मीटर हेड जात होतं, दोन चालवले की जवळपास १७ जातं. ४० टक्के जादा पाण्यासाठी दुसरी मोटर आणि दुसरा स्टार्टर घ्यायचा, वर लिटरमागे वीजही सुमारे ३० टक्के जास्त जाळायची! हेच पंप सहा इंची लाइनवर लावा: एकटा २० लिटर देतो, दोन मिळून ३३. लाइन अजून टाकायची असेल तर दुसऱ्या पंपाचा विचार बाजूला ठेवून पैसे आधी पाइपात घाला, असं मी ठामपणे सांगेन.

मग दोन पंप कुणी घ्यावेत? ज्यांची गरज हंगामाप्रमाणे बदलते त्यांनी. उन्हाळ्यात ऊस आणि भाजीपाला दोन्ही ओढतात तेव्हा दोन्ही चालवा, एरवी एक पुरतो. मोठ्या पंपाचं पाणी कमी करायला व्हॉल्व्ह आवळावा लागतो आणि तिथे वीज फुकट जाते. व्होल्टेज कमी असलेल्या गावात दोन लहान मोटरी एकापाठोपाठ चालू करणंही सोपं जातं. शिवाय वरच्या पाच इंची उदाहरणात एक पंप बिघडला, तरी २६ पैकी १८ लिटर चालू राहतात, निम्म्याहून बरेच जास्त. एकच मोठा पंप असेल तर मोटर रिवाइंडिंगला गेली की पीक तहानलेलं.

पण जोडीतला पंप एकटा चालतो तेव्हा त्याच्यावरचा भार वाढतो. दोघे असताना तो १३ लिटर देत होता, आता १८ देतो. मोटर जास्त अँपिअर ओढते, पंपाला सक्शनही (नदीतून पाणी ओढणं) जास्त करावं लागतं. नदीची पातळी खाली गेली असेल तर पंपात खडे फिरल्यासारखा आवाज येतो आणि इंपेलर (पंपातलं फिरणारं चाक) खाल्ला जातो. म्हणून मोटरचा एचपी एकट्याने चालण्याच्या हिशेबाने निवडा. प्रत्येक पंपाला स्वतंत्र एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) हवाच, नाहीतर बंद पंपातून पाणी उलटं नदीत जाईल. दोन्ही पंप एकाच मॉडेलचे घ्या. कमी हेडचा पंप जोरदार पंपापुढे पाणी न देता नुसता तापत राहतो.

चढणच जास्त असेल तर गोष्ट वेगळी. ४५ मीटर हेडचे कितीही पंप शेजारी शेजारी लावले तरी ५० मीटर वर थेंब चढणार नाही. तिथे एकाची डिलिव्हरी दुसऱ्याच्या सक्शनला द्यावी लागते, म्हणजे दोघांच्या हेडची बेरीज होते. मात्र वरचा व्हॉल्व्ह बंद राहिला तर ४५ अधिक ४५, म्हणजे ९० मीटर हेडचा, चौरस सेंटिमीटरला ९ किलोचा दाब येतो. ६ किलोचा पीव्हीसी पाइप तो सोसणार नाही. दुसऱ्या पंपाची बॉडी आणि ग्लँडही (शाफ्टपाशी पाणी अडवणारा भाग) तेवढ्या ताकदीची लागते, आणि एक पंप थांबला की सगळंच थांबतं. अशा ठिकाणी मला टप्पे पाडणं जास्त पटतं: मधे हौद बांधा, तिथून दुसऱ्या पंपाने उचला. सांगली-सातारा भागातल्या म्हैसाळ, टेंभूसारख्या मोठ्या उपसा योजनांतही कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानेच वर चढतं.

लाइन आधीच टाकलेली असेल तर खर्चाआधी एक चाचणी करा. एनआरव्हीच्या पुढे प्रेशर गेज लावा. पंप बंद, पण लाइन भरलेली असताना आकडा बघा, मग पंप चालवून बघा. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे घर्षण. १ किलो म्हणजे १० मीटर. वरच्या पाच इंची लाइनवर एका पंपाला हा फरक ०.८ किलो येईल, सहा इंचीवर ०.४. चढणीच्या मानाने फरक लहान असेल तर दुसरा पंप जरूर घ्या. चढणीच्या निम्म्याजवळ जात असेल, तर तोच पैसा पाइप बदलायला वापरा.