खडीपासून सेलच्या पत्र्यापर्यंत : एका ध्रुवण सूक्ष्मदर्शकाचा दोन वर्षांचा अनुभव

जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवताना मला एक गोष्ट वर्षानुवर्षे खटकत होती. सावद्याच्या खाणीतून निघालेले अपोफिलाइट आणि स्टिल्बाइटचे स्फटिक जगभरचे संग्राहक जपून ठेवतात आणि त्याच जिल्ह्यात शिकणारी आमची मुले ध्रुवीकरणाचा धडा मात्र फळ्यावर काढलेल्या बाणांवरून पाठ करतात. ही रुखरुख मनात होतीच, म्हणून दोन वर्षांपूर्वी विभागाला निधी मिळताच आम्ही देशी बनावटीचा एक पोलरायझिंग मायक्रोस्कोप मागवला. खालून आरपार जाणारा आणि वरून परावर्तित होणारा असा दोन्ही तऱ्हेचा प्रकाश, अंशांच्या खुणा असलेला गोल फिरता मंच, चार ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळची भिंगे), स्फटिकातून उमटणारी प्रकाशाची आकृती दाखवणारे बर्ट्रांड भिंग आणि कॅमेरा असे सगळे मिळून तो करासह 90 हजारांच्या घरात पडला. एवढी रक्कम छोट्या महाविद्यालयाला झेपणारी नसते, त्यामुळे तो कसास उतरतो की नाही हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

उपकरणाचे तत्त्व साधे आहे. मंचाखाली एक पोलरायझर, म्हणजे प्रकाशाची कंपने एकाच दिशेत राहू देणारी गाळणी, असतो आणि ऑब्जेक्टिव्हच्या वर त्याच्याशी काटकोनात दुसरा, ज्याला अ‍ॅनालायझर म्हणतात. मध्ये काहीच नसेल तर पहिल्यातून आलेला प्रकाश दुसरा अडवतो आणि दृश्यक्षेत्र काळे होते. मिठाचा दाणा ठेवला तरी ते काळेच राहते, कारण मिठाच्या घनाकार रचनेत प्रकाशाचा वेग सर्व दिशांना सारखाच असतो. साखरेचा दाणा ठेवला की तो मात्र अंधारात रंगीत उजळतो. मी प्रत्येक नव्या तुकडीला हे दोन दाणे शेजारी ठेवून दाखवतो आणि मंच फिरवण्याचे काम मुलांकडेच देतो. पूर्ण फेऱ्यात साखरेचा दाणा चार वेळा विझतो, हे त्यांनी स्वतः मोजलेले मग परीक्षेपुरते राहत नाही.

खरा कस लागतो तो आपल्या काळ्या कातळावर. रावेर तालुक्यातल्या पाल गावाच्या रस्त्यावर पडलेली खडी असो की विहिरीतून निघालेला दगड, त्याची 0.03 मिलिमीटर जाडीची चकती घासून काचेवर चिकटवली की हा कातळ, म्हणजे बेसाल्ट, अपारदर्शक राहत नाही. प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या लांबट कांड्या करड्या-पांढऱ्या पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात आणि त्यांच्यामधल्या जागेत ऑजाइटचे कण निळे, पिवळे, गुलाबी होऊन चमकतात. हे रंग खनिजाचे अंगचे नाहीत. स्फटिकात शिरलेल्या प्रकाशाचे दोन किरण होतात, ते वेगवेगळ्या वेगाने जातात आणि बाहेर पडून पुन्हा एकत्र येताना त्यांच्यात जो फरक पडलेला असतो त्यावर रंग ठरतो. त्याचा हिशेब वहीच्या कोपऱ्यात मावतो. क्वार्ट्झमधील दोन अपवर्तनांकांचा (प्रकाश किती मंदावतो ते सांगणाऱ्या आकड्यांचा) फरक 0.009 असतो, त्याला 0.03 मिलिमीटरने गुणले की 270 नॅनोमीटर येतात आणि तेवढ्या फरकाला फिकट करडा-पांढरा रंगच मिळतो. कॅल्साइटमध्ये हाच फरक 0.172 आहे, म्हणून त्याच जाडीला तो 5 हजार नॅनोमीटरच्याही पुढे जातो आणि सगळे रंग एकमेकांत मिसळून मोत्यासारखी पांढरी झाक उरते. कागदावरचे अक्षर कॅल्साइटमधून दुहेरी दिसते, हे डेन्मार्कचे शास्त्रज्ञ इरास्मस बार्थोलिन यांनी आईसलँडहून आलेल्या स्फटिकावरून 1669 मध्ये नोंदवले होते. आमच्याकडे त्यासाठी आईसलँडहून स्फटिक आणावा लागत नाही, तो दगडाच्या पोकळीतच सापडतो.

अपोफिलाइटने मात्र मला स्वतःलाच एकदा चकवले. याची पापुद्र्यासारखी कपची सहज सुटते. ती मंचावर आडवी ठेवली आणि मंच पूर्ण फिरवला, तर दृश्यक्षेत्र अगदी मिठासारखे काळेच राहिले. क्षणभर मलाही तो घनाकार रचनेचा पदार्थ वाटला. मग 40 पटीचे ऑब्जेक्टिव्ह लावले, प्रकाश एकवटणारे खालचे कंडेन्सर वर घेतले आणि बर्ट्रांड भिंग मार्गात सरकवले, तेव्हा काळोखाच्या जागी एक रुंद, मऊ कडांचा काळा क्रूस उमटला. आपण स्फटिकाच्या प्रकाशीय अक्षाच्या दिशेनेच पाहत होतो आणि त्या दिशेला प्रकाशाचे दोन किरण होतच नाहीत, असा त्याचा अर्थ. काही तुकड्यांत मंच फिरवताना हा क्रूस मधोमध किंचित उघडतो. स्फटिक वाढताना आत राहिलेल्या ताणाची ती खूण असते. या किमतीच्या उपकरणात एवढे स्पष्ट दिसेल अशी माझी अपेक्षा नव्हती आणि केवळ या एका दृश्यासाठीही मी त्याची शिफारस करीन.

धातूंच्या बाबतीत सोय चांगली आहे, पण मेहनत फार आहे. धातूतून प्रकाश आरपार जात नाही, म्हणून वरून प्रकाश टाकून परतलेला प्रकाश पाहावा लागतो आणि त्यासाठी पृष्ठभाग आरशासारखा घासावा लागतो. इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी शेफील्डमध्ये 1863 च्या सुमारास पोलाद असे घासून, आम्लाने किंचित खाऊ देऊन पाहिले, तेव्हापासून पद्धत मूलतः तीच आहे. आम्ही जुन्या साध्या सेलचे जस्ताचे कवच कापून सपाट केले आणि पॉलिश पेपरवर एकेक नंबर चढवत घासले. त्यात एका दुपारऐवजी तीन दुपार गेल्या. जस्ताची रचना षटकोनी असल्यामुळे अ‍ॅनालायझर लावून मंच फिरवला की त्याचे कण एकामागून एक उजळतात आणि विझतात, त्यासाठी आम्लही लागत नाही. पितळेच्या तुकड्यात असे काही होत नाही, कारण त्याची रचना घनाकार. तिथे धातूला किंचित खाणारे फेरिक क्लोराइड लावल्यावरच कणांच्या सीमा दिसल्या. जळगावच्या सराफ बाजारात कसोटीच्या दगडावर ओढलेल्या रेघेचा रंग पाहून सोने जोखण्याची जी रीत आहे, तीही परावर्तित प्रकाशाचीच परीक्षा आहे. सोने निळा प्रकाश बराचसा शोषून घेते आणि तांबडा-पिवळा परत पाठवते. चांदी जवळजवळ सगळाच दृश्य प्रकाश परत करते. त्यामुळे मिश्रण बदलले की रेघेची छटा बदलते.

आता दोष सांगतो. पहिल्याच दिवशी 40 पटीचे ऑब्जेक्टिव्ह लावल्यावर रिकामे क्षेत्र काळे होण्याऐवजी राखाडी राहिले. भिंगाच्या काचेतच ताण होता आणि ती काच स्वतःच साखरेच्या दाण्यासारखी वागत होती. पुरवठादाराने आधी आमच्या हाताळणीला दोष दिला. फोटो पाठवल्यावर आणि चार महिने पाठपुरावा केल्यावर ते बदलून मिळाले. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे गेला की फोकसच्या दट्ट्यातील ग्रीस पातळ होते आणि मंच हळूहळू खाली सरकतो, म्हणजे मुलगा पाहत असतानाच चित्र धूसर होते. बाजूचा स्क्रू आवळून आम्ही सध्या निभावतो. दिवा एलईडीचा आहे, वीज कमी-जास्त झाली तरी तो टिकतो हे खरे. परंतु त्याच्या प्रकाशात निळ्या आणि पिवळ्याच्या मधला भाग कमी असल्याने छापील तक्त्याशी रंग तंतोतंत जुळत नाहीत. कॅमेऱ्यावर खर्च केलेले पैसे मला वाया गेल्यासारखे वाटतात, कारण तो रंग इतके बदलतो की त्याच्या चित्रावरून खनिज ओळखायला शिकवणे धोक्याचे आहे.

घेणाऱ्यांनी पैसे चुकते करण्यापूर्वी विक्रेत्यासमोर दोन गोष्टी करून पाहाव्यात. प्रत्येक ऑब्जेक्टिव्ह लावून रिकामे क्षेत्र पूर्ण काळे होते का ते पाहावे. मग एखादा बारीक कण नेत्रभिंगात दिसणाऱ्या दोऱ्यांच्या फुलीवर आणून मंच एक फेरा फिरवावा. कण फुलीवरून ढळला आणि केंद्र जुळवण्याचे स्क्रू फिरवूनही जागेवर येत नसेल, तर ते यंत्र घेऊ नये. आमचा मंच या परीक्षेत पहिल्या दिवशी खरा उतरला आणि आजही उतरतो. यंदा विभागाने याच बनावटीचा दुसरा संच मागवला आहे, कॅमेरा वगळून आणि ताणरहित ऑब्जेक्टिव्हची अट खरेदीच्या पत्रातच लिहून.