बाबांचा तो व्हिडिओ मीच काढला होता

पार्किन्सनवर स्टेम सेल (म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी) ट्रीटमेंट करून देतो म्हणणाऱ्या क्लिनिकचे व्हिडिओ तुमच्याकडे आले असतील तर प्लीज पैसे भरायच्या आधी हे वाचा.

बाबांना पार्किन्सन होऊन नऊ वर्षं झाली होती. लेव्होडोपाची गोळी आधी पाच-सहा तास पुरायची ती अडीच तासावर आली, मधल्या वेळात पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. आमचे न्यूरोलॉजिस्ट म्हणाले होते की स्टेम सेलचं अजून संशोधन चालू आहे, थांबा. पण रोज समोर बघत असताना थांबवत नाही हो.

क्लिनिकचा काउन्सेलर फोनवर तासतासभर बोलायचा. यामानाका या जपानी शास्त्रज्ञांनी साध्या पेशींपासून स्टेम सेलसारख्या पेशी बनवल्या, त्यांना २०१२ चं नोबेल मिळालं, हे सगळं सांगायचा आणि ते खरंच आहे, मी तपासलं होतं, आणि तिथेच फसले, कारण एवढं खरं बोलतोय म्हणजे पुढचंही खरंच असणार असं वाटलं. मग लाळेची जेनेटिक टेस्ट करायला लावली. LRRK2 ऐवजी तो नुसतं 'लार्क टू' म्हणायचा, जीबीए म्हणायचा, आणि या रिपोर्टप्रमाणे बाबांच्या सेल 'प्रोग्रॅम' करू म्हणाला. हे दोन्ही जीन पार्किन्सनशी जोडलेले आहेत हे खरं, पण टेस्टवरून फार तर धोका किंवा कारण कळतं, त्यावरून कुणाच्या पेशी सेट करून मिळत नाहीत.

ही ट्रायल, म्हणजे पेशंटवरची संशोधन चाचणी आहे म्हणून क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या अमेरिकन सरकारी साइटवरचा नंबर दाखवला. आम्हाला वाटलं सरकारी परवानगी आहे. तिथली माहिती ट्रायल करणारेच भरतात आणि नोंद झाली म्हणजे मंजुरी मिळाली असं नसतं हे फार उशिरा समजलं. आणि ट्रायल होती तर आमच्याकडून पैसे का घेतले? बाबांच्या रिटायरमेंटचे जवळपास सगळे गेले.

सकाळी कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढला आणि त्याच दिवशी चार वाजता पाठीच्या मणक्यात इंजेक्शन दिलं, बस. आता वाचते तेव्हा अंगावर काटा येतो. जपानमधल्या क्योतो विद्यापीठाच्या पार्किन्सनवरच्या ट्रायलचे निकाल २०२५ मध्ये आले, त्यात लॅबमध्ये आधी डोपामाइन (पार्किन्सनमध्ये मेंदूत कमी पडणारं रसायन) बनवणाऱ्या पेशींच्या दिशेने वाढवलेल्या पेशी ऑपरेशन करून थेट मेंदूत सोडल्या होत्या, पेशंट फक्त ७ आणि त्यांच्यावर दोन वर्षं लक्ष ठेवलं. बोन मॅरोच्या पेशींपासून एका दुपारीत मेंदूच्या पेशी होत नाहीत. २००९ मध्ये छापून आलेली एका मुलाची केस पण वाचली, दुसऱ्या आजारासाठी त्याला गर्भाच्या मेंदूतल्या स्टेम सेल टोचल्या होत्या, काही वर्षांनी मेंदूत आणि मणक्यात गाठी झाल्या आणि जेनेटिक तपासणीत त्या गाठीतल्या पेशी त्याच्या नव्हत्याच, डोनरच्या निघाल्या. आम्हाला कुणीही असला धोका सांगितला नव्हता, सही घेतलेल्या कागदावर नुसतं 'किरकोळ ताप, डोकेदुखी' होतं.

आता व्हिडिओचं. ट्रीटमेंटच्या दिवशी सकाळी काउन्सेलर म्हणाला गोळी देऊ नका, आधी चालतानाचा व्हिडिओ काढा. बाबांना खुर्चीतून उठवेना, तरी मी काढला. पाचव्या दिवशी म्हणाला आता गोळी द्या, पाऊण तासाने पुन्हा काढा. बाबा ताठ चालले, आई रडायला लागली, मी पण. तो गोळीचा परिणाम होता, नऊ वर्षं रोज बघितलेला, आणि तरी त्या क्षणी आम्हाला कुणालाच ते सुचलं नाही कारण सगळ्यांना बरं झालेलं बघायचं होतं. बाबा स्वतः म्हणाले हलकं वाटतंय, आणि खोटं बोलत नव्हते, पार्किन्सनमध्ये प्लासिबोचा परिणाम जोरदार असतो, नुसत्या आशेनेही काही दिवस बरं वाटतं.

दीड महिन्यात सगळं होतं तसं झालं. क्लिनिकने दुसरा डोस घ्या म्हणून सांगितलं. नाही म्हटल्यावर फोन उचलणं बंद.

गेल्या महिन्यात एका अनोळखी ताईंचा फोन आला, त्यांच्या मिस्टरांना पार्किन्सन आहे, कुठून तरी माझा नंबर मिळवला होता. म्हणाल्या, तुमच्या वडिलांचा व्हिडिओ बघूनच आम्ही उद्या पैसे भरतोय, आता कसे आहेत ते? मला आधी बोलताच येईना. मग सगळं सांगितलं. व्हिडिओ काढून टाका म्हणून क्लिनिकला तीनदा लेखी कळवलंय, अजून फिरतोय.

त्यात दारापासून खिडकीपर्यंत चालत जाणारे, निळा स्वेटर घातलेले आजोबा दिसले तर ते माझे बाबा आहेत. पाऊण तास आधी मी त्यांना गोळी दिली होती.