गोझो की मेदेस: खडकातल्या डायव्हिंगसाठी कुठे जावं?

मालवण किंवा नेत्राणीला डायव्हिंगची गोडी लागली, रीतसर कोर्सही झाला आणि आता युरोपच्या सहलीत चार दिवस समुद्रासाठी काढायचेत. अशा वेळी भूमध्य समुद्रातली ही दोन नावं विचारात घ्यावीत: माल्टाचं गोझो बेट आणि स्पेनमध्ये कातालोनियाच्या किनाऱ्यालगतची मेदेस बेटं. दोन्हीकडे चुनखडीचा खडक, बोगदे, घळी, गुहा. व्हिसाही तोच, शेंगेनचा. तरी खडक बघायचा असेल तर गोझो आणि मासे बघायचे असतील तर मेदेस, असं माझं सरळ मत. रंगीत प्रवाळांच्या बागा डोक्यात असतील तर दोन्ही सोडा आणि अंदमानचं तिकीट काढा.

गोझोची खरी मजा ड्वेरा या एकाच जागी एकवटली आहे. तिथली प्रसिद्ध कमान, अझुर विंडो, 8 मार्च 2017 च्या वादळात कोसळली. तिचे घरभर मोठे दगड आता पाण्याखाली आहेत आणि त्यांच्यामधून पोहता येतं. शेजारचं ब्लू होल म्हणजे खडकातली साधारण 15 मीटर खोल विहीरच. तिच्यात उतरायचं आणि पाण्याखालच्या कमानीतून थेट मोकळ्या समुद्रात निघायचं.

पण मला त्याहून आवडतो तो इनलँड सीचा, म्हणजे तिथल्याच खडकांनी वेढलेल्या खाऱ्या तळ्याचा, समुद्रात निघणारा बोगदा. कोळ्यांच्या बोटी ठेवायच्या खोल्यांसमोरून, गोट्यांच्या किनाऱ्यावरून सिलिंडर पाठीवर घेऊन चालत पाण्यात शिरायचं. तोंडाशी खोली जेमतेम तीन मीटर. पुढे दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, मध्यात काळोख, आणि समोर निळ्या उजेडाची एक उभी फट. जसजसं पुढे जावं तसतशी ती रुंदावते. सुमारे 80 मीटरनंतर बाहेर पडताना तळ पंचविशीत गेलेला असतो आणि पुढे खडक सरळ खाली कोसळतो. डोक्यावरून पर्यटकांच्या बोटी जातात, पंख्यांची घरघर कानात घुमते. म्हणून बोगद्यात असताना पाण्याच्या पृष्ठभागावर यायचं नाही, हा नियम कितीही सरावलेल्याला लागू.

इथे कोर्सनंतर मिळणाऱ्या कार्डाचा प्रश्न येतो. ओपन वॉटर, म्हणजे पहिला कोर्स, झालेल्यांची मर्यादा 18 मीटर, म्हणजे त्यांना बोगद्याच्या तळाने जाता येत नाही. गाईडबरोबर वरच्या बाजूने भिंतीलगत जावं लागतं. त्यापुढचं ॲडव्हान्स्ड कार्ड, 30 मीटरचं, असेल तर गोझो खऱ्या अर्थाने खुलतं. प्रशिक्षकाने सिलिंडर धरून फिरवून आणलेली मालवणची बुडी यात मोजू नका. पाण्यात एका पातळीवर तरंगत राहता येत नसेल तर गुहेत गाळ उडतो आणि क्षणात काही दिसेनासं होतं. टॉर्च दोन घ्या, तोंडाकडचा उजेड नजरेआड होऊ देऊ नका.

मेदेसमध्येही बोगदे आहेत. दोफी आणि ला वाका ही नावं तिथे सगळ्यांच्या तोंडी. पण तिथला खडक एकटा नसतो. 1983 पासून तिथे मासेमारीला बंदी आहे आणि त्याचा परिणाम डोळ्यांनी दिसतो: हेकरूच्या जातीचे धिप्पाड ग्रुपर तुम्हाला बघून पळत नाहीत, उलट येऊन निरखतात. भिंतींवर लाल-जांभळे समुद्रपंखे, म्हणजे पंख्यासारखे पसरलेले समुद्रजीव, कपारींच्या छताला लाल पोवळं. उष्ण उन्हाळ्यांनी वरच्या थरातले बरेच पंखे मारलेत, हेही खरं. गुहेच्या छताखाली रेंगाळू नका, अडकलेल्या बुडबुड्यांनी पोवळ्याला इजा होते. गोझोला मासे नाहीत असं नाही, पण मेदेस पाहून तिथे गेलात तर पाणी रिकामं वाटेल.

बाकी सोयीचं. गोझोला बहुतेक डायव्ह किनाऱ्यावरूनच. पायऱ्या आणि खडकांवरून सगळं सामान वाहायचं, गुडघे कुरकुरत असतील तर विचार करा. इंग्रजी सगळीकडे चालतं, गाडी आपल्यासारखी डावीकडून. माल्टाच्या विमानतळावरून चिरकेव्वा बंदराला जायचं, तिथून फेरीबोटीने 25 मिनिटं. मेदेसला बार्सिलोनाहून किनाऱ्यावरचं लेस्तार्तित गाव गाठायचं, मग बोट काही मिनिटांत बेटांपाशी नेते. ज्येष्ठांना किंवा डायव्हिंग न करणाऱ्या जोडीदाराला हा मुक्काम सोपा.

वाऱ्यात मात्र गोझो जिंकतं. वायव्येचा वारा सुटला की ड्वेरा बंद, पण बेट इतकं लहान की अर्ध्या तासात दक्षिणेला इमजार इश-शिनीच्या शांत खाडीत उतरता येतं. मेदेसला पूर्वेचा वारा आला तर बोटी निघतच नाहीत, आणि पर्यायही फारसा नाही. पाणीही तिथे गार: उन्हाळ्यात वर उबदार, आणि थोडं खाली गेलं की एकदम थंड थर लागतो, म्हणून 7 मिलिमीटर जाडीचा वेटसूट घ्या. गोझोला सप्टेंबर-ऑक्टोबरात 5 चा पुरतो. मेदेसच्या डायव्हची रोजची संख्या ठरलेली असते, तेव्हा जुलै-ऑगस्टसाठी जागा आधीच राखून ठेवा. आणि परतीचं विमान शेवटच्या बुडीनंतर किमान 18 तासांनी असेल असंच बुक करा.