उसण भरल्यावर पोटाच्या आतल्या स्नायूचा व्यायाम: आठ बैठकांचा कोर्स आणि हवेची पिशवी

कंबरेत उसण भरली की दोन दिवस आडवे पडा, तेल चोळून घ्या, पट्टा बांधा, असे सल्ले घराघरात मिळतात. पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव इथल्या फिजिओथेरपी केंद्रांत आता आणखी एक गोष्ट सुचवली जाते: पोटाच्या सर्वांत आतल्या स्नायूला जागे करण्याचा व्यायाम. कुठे त्याला कोअर म्हणतात, कुठे स्टॅबिलायझेशन. साधारण आठवड्याला दोन अशा चार आठवड्यांत आठ बैठका होतात. सोबत प्रेशर बायोफीडबॅक नावाची, व्यायाम जमतो का ते दाबाच्या आकड्यावरून दाखवणारी हवेची पिशवी दाखवतात आणि बरेचदा ती विकत घ्यायलाही सुचवतात. हे परीक्षण त्या कोर्सचे आणि त्या पिशवीचे आहे.

आमचे मत आधीच सांगतो. शिकवणीच्या पहिल्या तीन-चार बैठका पैसे मोजण्याजोग्या आहेत. पिशवी बहुतेकांनी विकत घेऊ नये. आणि या व्यायामाने ताजे दुखणे इतर उपायांपेक्षा लवकर जाईल, या आशेवर कोर्स घेऊ नये. ताजी उसण बहुतेकांची काही आठवड्यांत तशीही ओसरते. याचा खरा उपयोग असलाच तर तो ती पुन्हा पुन्हा भरू नये यासाठी आहे.

कोर्सच्या आधी एक चाळणी हवी. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, मांड्यांच्या मधल्या भागात, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाय लुळा पडू लागला, तर व्यायाम बाजूला ठेवून 108 बोलवा आणि बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) गाठा. ताप, कारण नसताना घटलेले वजन, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे, बरीच वर्षे स्टिरॉइड चालू असणे, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर. हे प्रश्न न विचारता कोणी तुम्हाला थेट गादीवर झोपवत असेल तर तिथून उठावे.

आता मूळ गोष्ट. पोटाच्या बाजूला स्नायूंचे तीन थर असतात. त्यांतला सर्वांत आतला आडवा थर म्हणजे ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस. कमरेला आवळलेल्या उपरण्यासारखा तो मागच्या जाड पडद्यापासून पुढच्या मध्यरेषेपर्यंत येतो. मागे मणक्यांना लागून मल्टिफिडस नावाचा स्नायू असतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी 1996 साली दाखवले की निरोगी माणूस झटकन हात उचलतो तेव्हा हा आडवा स्नायू हाताच्याही आधी आवळतो, आणि कंबरदुखीवाल्यांत तो उशिरा आवळतो. सगळा कोर्स या निरीक्षणावर उभा आहे. पण त्यांनी तपासलेल्या लोकांना कंबरदुखीचा जुना इतिहास होता, कालच उसण भरलेले ते लोक नव्हते. जाहिरातीच्या पत्रकात हा फरक गायब असतो.

चांगल्या केंद्रात पहिल्या बैठकीत यंत्राला हात लागत नाही. पाठीवर झोपवून गुडघे वाकवायला सांगतात, पाऊल टेकलेले. कंबरेच्या पुढच्या दोन्ही उंच हाडांपासून साधारण दोन सेंटीमीटर आत आणि किंचित खाली तुमचीच बोटे ठेवायला लावतात. मग श्वास सहज सोडायचा, आणि पुढचा श्वास घेण्याआधी बेंबीखालचे ओटीपोट अगदी हळू आत घ्यायचे, जणू घट्ट चड्डीच्या नाडीपासून पोट दूर न्यायचे आहे. काहींना लघवी मधेच थांबवल्यासारखे केले की लवकर जमते, कारण ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सोबत काम करतात. जोर पूर्ण ताकदीच्या चौथ्या हिश्शाहून अधिक नको. बोटांखाली संथपणे ताठरपणा जाणवला तर बरोबर. बोटे एकदम बाहेर ढकलली गेली तर वरचा तिरका स्नायू कामाला लागला आहे. एकदा आवळले की श्वास चालू करायचा, आणि ताण तसाच धरून ठेवायचा. नव्या शिकणाऱ्याचा गोंधळ इथेच होतो, कारण श्वास सुरू करताच पोट सैल पडते.

पहिल्या दिवशी तीन-चार सेकंद आणि चार-पाच वेळा पुरेसे. लक्ष्य दहा सेकंद, दहा वेळा. श्वास तुटला किंवा बरगड्या वर उचलल्या गेल्या की तिथेच थांबावे. चुकीची पंचवीस आवर्तने करून चुकीचेच वळण पडते. ज्यांना पाठीवर झोपून त्रास होतो त्यांनी कुशीवर किंवा हात-गुडघ्यांवर करावे. मागच्या मल्टिफिडससाठी शिकवणारा मणक्याच्या कडेला बोट ठेवतो आणि त्या बोटाखाली मांस हलके फुगवायला सांगतो. हे शब्दांनी समजत नाही, स्पर्शानेच समजते. म्हणूनच पहिल्या बैठकांचे पैसे वसूल होतात, आणि व्हिडिओ बघून शिकणारे बहुतेकदा इथेच अडतात.

आता हवेची पिशवी. साधारण 17 बाय 24 सेंटीमीटरची, तीन कप्प्यांची, ताणली न जाणारी पिशवी, नळी, दाबायचा फुगा आणि रक्तदाबाच्या यंत्रासारखी तबकडी. तिचा काटा 0 ते 200 मिमी पाऱ्यापर्यंत जातो. पालथे झोपून तपासताना पिशवीचा मध्य बेंबीखाली आणि खालची कड पुढच्या दोन हाडांच्या रेषेत ठेवतात. हवा 70 मिमीपर्यंत भरतात. श्वासासोबत काटा एखाद-दोन मिमी डुलतो, त्यामुळे वाचन श्वास संपताना घ्यायचे. ओटीपोट आत घेतल्यावर दाब 4 ते 10 मिमीने उतरायला हवा. उतरलाच नाही तर स्नायू जागा झालेला नाही. वाढला तर पोट खाली ढकलले जात आहे. दहाहून बरेच जास्त उतरला तर आनंद मानू नका, बहुतेकदा कंबर किंवा नितंब उचलले गेलेले असतात.

पाठीवर झोपून पिशवी कंबरेच्या पोकळीखाली ठेवली की हवा 40 मिमीपर्यंत. इथे काम उलटे असते: एक टाच सरकवायची, मग एक गुडघा बाहेर पाडायचा, आणि तोवर काटा 40च्या आसपास राहायला हवा. वर चढला तर कंबर गादीत दाबली गेली, खाली आला तर कंबर कमानीसारखी उचलली. हे शिकायला पिशवी खरोखर उपयोगी आहे, कारण माणसाला स्वतःची कंबर हलल्याचे कळत नाही.

मग विकत का घेऊ नये? पहिले कारण, ती स्नायू मोजत नाही. ती फक्त पोटाची किंवा कंबरेची हालचाल दाखवते, आणि हुशार शरीर काटा हलवण्याच्या अनेक वाटा शोधते. पोट सुटलेले असेल तर पालथ्या स्थितीतले वाचन आणखी धूसर. दुसरे, मऊ गादीवर ती बुडते आणि आकडा खोटा ठरतो. फरशीवर पातळ चटई हवी. तिसरे, तिची गरज दोन-तीन आठवड्यांपुरती आहे. तोपर्यंत केंद्रातली पिशवी पुरते, आणि घरी बोटे पुरतात. कोणाला आकडा बघितल्याशिवाय चैनच पडत नसेल तर घरातल्या रक्तदाबाच्या हाताने फुगवायच्या यंत्राचा कफ घडी घालून कंबरेखाली 40 मिमीवर वापरता येतो. तो अधिक डगमगतो, पण पाठीवरच्या सरावासाठी चालतो.

पुरावा किती पक्का, हेही पैसे देणाऱ्याने जाणून घ्यावे. फिजिओथेरपीच्या संशोधक ज्युली हाइड्स यांच्या गटाने पहिल्यांदाच कंबर धरलेल्या 39 लोकांवर चाचणी केली. एका गटाला मल्टिफिडस आणि आडवा स्नायू एकत्र आवळायला शिकवले. चार आठवड्यांनी दुखणे दोन्ही गटांत सारखेच कमी झाले होते, पण आक्रसलेला मल्टिफिडस व्यायाम केलेल्यांतच पूर्ववत झाला. वर्षभरात पुन्हा दुखणे आलेल्यांचे प्रमाण व्यायाम गटात 30 टक्के, दुसऱ्यात 84 टक्के. 2 ते 3 वर्षांनी 35 आणि 75 टक्के. आकडे डोळ्यांत भरणारे आहेत, पण माणसे 39च. 2016च्या कॉक्रेन आढाव्यात (यात एका विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासतात) ताज्या कंबरदुखीसाठी तीनच चाचण्या सापडल्या, आणि हा व्यायाम इतर व्यायाम किंवा हातांनी केलेल्या उपचारांपेक्षा सरस असल्याचे सिद्ध झाले नाही. तेव्हा 'हाच एकमेव उपाय' असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

ज्युली हाइड्स यांच्या चाचणीत अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर स्नायू प्रत्यक्ष दाखवून शिकवले होते. आपल्याकडे जेल लावून फिरवतात ते उपचाराचे अल्ट्रासाउंड वेगळे यंत्र आहे. त्यात काही दिसत नाही. दोन्हींचे नाव सारखे असल्याने लोक फसतात. 'अल्ट्रासाउंडवर कोअर ट्रेनिंग' असे कोणी म्हणाले तर पडदा दाखवा म्हणावे.

सर्वांत मोठी तक्रार कोर्सच्या वाटणीबद्दल आहे. अर्धा तास असेल तर वीस-पंचवीस मिनिटे शेक आणि विजेच्या पॅडखाली जातात, उरलेल्यात 'पोट आत घेऊन करा' असे दुरून सांगून कागद हातात देतात. असा सगळ्या बैठकांचा पॅक आगाऊ पैशांत घेऊ नका. एकेक बैठकीचे पैसे द्या. दुसऱ्या बैठकीत शिकवणाऱ्याने तुमच्या पोटावर स्वतः हात ठेवून किंवा तुमचा हात ठेवून चूक दाखवली नाही, तर तिसरीला जाऊ नका. बाईमाणसांनी बाई शिकवणारी मागावी, कारण हात नेमका कुठे लागतो ते वर सांगितलेच आहे.

दुसरी चूक रुग्णाची. काही जण दिवसभर पोट आवळून चालतात. त्याने कंबर ताठ होते, श्वास वर चढतो आणि भीती वाढते. सराव दिवसातून दोन-तीन वेळा, थोडा, आणि बाकी वेळ पोट सैल. चालणे पहिल्या दिवसापासून चालू हवे. अंथरुणात पडून राहिल्याने बरे होणे लांबते.

चौथ्या आठवड्यापर्यंत व्यायाम गादीवरून उठून कामात यायला हवा, नाहीतर तो तिथेच संपतो. गोव्यात ही कामे ठरलेली आहेत: आदोळीवर बसून नारळ खवणे, चतुर्थीला गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधताना हात वर करून ओढणे, उन्हाळ्यात काजूच्या बागेत वाकून बोंडू वेचणे, हॉटेलात गाद्या उचलून चादरी खोचणे, किनाऱ्यावरून रापणीचे जाळे ओढणे, पावसाळ्यात खड्ड्यांतून स्कूटर हाकणे. शिकवणाऱ्याला तुमचे काम सांगा आणि त्याचीच तालीम मागा. काजूवालीसाठी नितंबातून वाकणे आणि वाकण्याच्या क्षणाआधी ओटीपोट हलके आवळणे. स्कूटरवाल्यासाठी बसल्या बसल्या श्वास न रोखता ताण धरणे. जड वजन उचलताना मात्र नुसते आत ओढणे पुरत नाही, सगळे पोट चहूबाजूंनी घट्ट करावे लागते. कॅनडाचे कंबरदुखीचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल पहिल्यापासून हेच सांगत आले आणि कंबरेवर ओझे असते तेव्हा त्यांचे म्हणणे आम्हाला पटते. आतला स्नायू शोधायला हळू आत घेणे, कळशी उचलायला सगळे घट्ट करणे, असे दोन्ही शिकवणारे केंद्र मिळाले तर ते सोडू नये.

पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर शल्यविशारदाला विचारल्याशिवाय सुरू करू नका. गरोदरपणात पालथी तपासणी नाहीच.

तरीही पिशवी घ्यायचीच ठरली, तर जूनआधी तिची चाचणी घ्या: 60 मिमीपर्यंत फुगवून पाच मिनिटे हात न लावता ठेवा, काटा उतरला तर नळीचे सांधे किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे. वापरानंतर हवा पूर्ण सोडा, घाम पुसून वाळवा, घडी घालू नका. पावसाळ्याच्या दमट हवेत बुरशी कप्प्यांच्या शिवणीत धरते, आणि कपाटात कोंबून ठेवलेली नळी वळणाच्या जागी चिरते.