शॅडो टीचर की संसाधन कक्ष? एका पालकाचा तुलनात्मक आढावा

विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलाला सर्वसाधारण शाळेत घातल्यावर पालकांपुढे बहुधा दोन पर्याय येतात : दिवसभर मुलाशेजारी बसणारी शॅडो टीचर, किंवा ठरलेल्या तासांना वर्गातून उठून विशेष शिक्षकांकडे जाण्यासाठी असलेला संसाधन कक्ष. मूल्यमापन कसे होते आणि वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात (त्या एका मुलासाठी आखलेल्या उद्दिष्टांच्या आणि मदतीच्या लेखी योजनेत) काय असते, हे वाचकांना ठाऊक आहे असे धरून मी थेट निवडीकडे वळतो. माझ्या मुलीला वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता आहे आणि जोडीला तिचे लक्ष फार काळ टिकत नाही. तिच्यासाठी आम्ही आधी एक आणि मग दुसरा, असे दोन्ही पर्याय वापरले आहेत. माझा कल एका बाजूला आहे, हेही सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

शॅडो टीचरचा फायदा आधी घराला जाणवतो. शाळेतून येणारे तक्रारीचे फोन थांबतात, डायरी रोज भरून येते, वर्गपाठ अर्धवट राहत नाही, आणि वर्गशिक्षिकांचाही जीव भांड्यात पडतो. इंग्लंड आणि वेल्समधील शाळांतल्या साहाय्यकांवर पीटर ब्लॅचफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, २००९ मध्ये अहवालरूपाने आलेल्या मोठ्या अभ्यासातही साहाय्यकांमुळे कामाचा ताण हलका झाल्याचे शिक्षकांनी सांगितले होते. त्याच अभ्यासात एक अस्वस्थ करणारी गोष्टही आढळली : ज्या विद्यार्थ्यांना साहाय्यकांची मदत जास्त मिळाली, त्यांची अभ्यासातील प्रगती, त्यांच्या मुळातल्या अडचणी हिशेबात धरूनही, कमी मदत मिळालेल्यांपेक्षा मागे राहिली. अभ्यासकांनी याचा दोष साहाय्यकांच्या माथी मारला नाही. त्यांना पुरेशी तयारी न देता सर्वांत गरजू मुले त्यांच्यावर सोपवली जातात आणि मग शिकण्यापेक्षा हातातले काम पुरे करण्यावर भर राहतो, असे त्यांचे निदान होते. आमच्याकडे भरून येणाऱ्या वह्या पाहता मला ते पटते.

मला खटकलेली आणि शेवटी निर्णायक ठरलेली गोष्ट मात्र दिसायला अगदी किरकोळ आहे. शॅडो टीचर शेजारी असली की लोक मुलाशी बोलणे सोडून तिच्याशी बोलू लागतात. ‘झालं का लिहून?’ हा प्रश्न वर्गशिक्षिका माझ्या मुलीकडे न पाहता ताईंना, म्हणजे शॅडो टीचरना, विचारत. एकदा मी काही कामासाठी वर्गाबाहेर थांबलो होतो, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलाला खोडरबर हवे होते. ते माझ्या मुलीच्या हाताशी, तिच्या कंपासपेटीच्या झाकणावर पडलेले होते. तो तिच्या खांद्यावरून वाकला आणि म्हणाला, “ताई, तिचं खोडरबर घेऊ?” ताईंनी मान हलवली, त्याने खोडरबर उचलले, आणि माझ्या मुलीने वर पाहिलेसुद्धा नाही. ताईंचा यात काडीचाही दोष नव्हता. त्या प्रेमळ होत्या आणि कामात चोख होत्या. पण आपल्याच वस्तूविषयीचा प्रश्न आपल्याला विचारला जाणार नाही हे मुलीने इतके सहज स्वीकारावे, याचा मला जो त्रास झाला तो नंतर कमी झाला नाही. पुढे वर्गात जाण्याचे जे प्रसंग आले, त्या प्रत्येक वेळी हेच दिसत राहिले : डब्याविषयी, खेळाच्या गटाविषयी, पाणी प्यायला जाण्याविषयीसुद्धा चौकशी ताईंकडेच होई.

हा केवळ आमचा अनुभव असता तर मी इतक्या ठामपणे लिहिले नसते. अमेरिकेत मायकेल जिआंग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत, साहाय्यक सतत शेजारी असल्यामुळे मूल वर्गमित्रांपासून दुरावते, प्रौढांवर विसंबून राहते आणि वर्गशिक्षक त्या मुलाची जबाबदारी आपली मानेनासे होतात, असेच नोंदवले आहे. वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये मुलाला मिळणाऱ्या मदतीसाठी बांधकामाच्या परांचीचे रूपक वापरले. परांची काम होईपर्यंतच उभी राहते. शॅडो टीचर ठेवताना मात्र ती केव्हा उतरवायची याचे कलम सहसा कुठेच लिहिलेले नसते. शिवाय, थोडे कटू वाटेल, पण मूल स्वतंत्र झाले की जिचे काम संपते तिच्याकडूनच त्याला स्वतंत्र करण्याची अपेक्षा आपण धरतो, हेही लक्षात घेतले पाहिजे.

संसाधन कक्षात मिळणारा वेळ याच्या तुलनेत फारच थोडा असतो आणि सुरुवातीला तो अपुरा वाटतो. पण तो वेळ वर्गाच्या वेगामागे धावण्यात जात नाही. वाचनाच्या अडचणीसाठी तेथे बहुधा सॅम्युअल ऑर्टन आणि अॅना गिलिंगहॅम यांच्या कामातून १९३० च्या दशकात पुढे आलेल्या बहुसंवेदी पद्धतीचे एखादे रूप वापरतात : अक्षर पाहायचे, त्याचा ध्वनी उच्चारायचा आणि ते हाताने गिरवायचे, हे सारे एका वेळी, आणि ठरलेल्या क्रमाने. देवनागरीत एक खास अडचण आहे. ऱ्हस्व वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधी दिसते आणि तिचा उच्चार मात्र व्यंजनानंतर होतो. ‘दिवा’ वाचताना माझी मुलगी नेमकी तिथेच अडखळत असे. वर्गात ताई तो शब्द तिला वाचून देत आणि धडा पुढे सरकत असे. कक्षातील बाईंनी धडा बाजूला ठेवला, वाळूच्या ट्रेमध्ये आधी ‘द’ काढायचा, त्याचा ध्वनी म्हणायचा, मग मागे येऊन वेलांटी द्यायची आणि पूर्ण अक्षर म्हणायचे, एवढ्यावरच कित्येक तासिका घालवल्या. मोजमाप विचाराल तर माझ्याकडे नाही. हल्ली ती रस्त्यावरच्या पाट्या न सांगता वाचते आणि चुकली तर स्वतःच मागे येते, एवढेच मी सांगू शकतो.

या पर्यायाचे दोष झाकण्याचे कारण नाही. वर्गातून उठून जाणारे मूल सर्वांच्या डोळ्यांत भरते, परतल्यावर फळ्यावर काय चालले आहे ते त्याला कळत नाही, आणि विशेष शिक्षिका व वर्गशिक्षिका एकमेकींशी बोलत नसतील तर मुलाच्या वाट्याला दोन अर्धवट शाळा येतात. शाळांना चित्रकला किंवा खेळाचा तास कापणे सर्वांत सोयीचे वाटते. त्याला मात्र पालकांनी स्पष्ट नकार द्यावा, कारण बरेचदा मूल त्याच तासाला इतरांच्या बरोबरीचे असते. आम्ही भाषेच्याच तासाला तिला पाठवण्याचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. विशेष गरजांच्या शिक्षणाविषयीचा १९९४ चा सलामांका जाहीरनामा आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातील कलम २४ यांचा भर समावेशित शिक्षणावर, म्हणजे सर्व मुलांनी एकत्र शिकण्यावर, आहे, आणि वेगळी खोली म्हणजे आडवाटेने केलेले विलगीकरण होय, असा आक्षेप त्या आधारे घेतला जातो. आक्षेप रास्त आहे. परंतु भर वर्गात मोठ्या माणसाच्या आडोशाला बसलेले मूलही वेगळेच पडते. ते पटकन दिसत नाही, एवढाच फरक.

अर्थात सर्वांच्या गरजा आमच्यासारख्या नसतात. मूल वर्गातून पळून जात असेल, त्याला झटके येत असतील, स्वच्छतागृहात किंवा डबा खाताना मदत लागत असेल, अथवा स्वमग्न मूल गोंगाटाने इतके अस्वस्थ होत असेल की वर्गात बसणेच अशक्य व्हावे, तर सोबतीला माणूस हवाच आणि तेथे माझे मत कोणी प्रमाण मानू नये. मुख्य अडचण वाचन, लेखन किंवा गणिताची असेल आणि शाळेत पात्र विशेष शिक्षक प्रत्यक्ष कामावर असतील, तर मात्र मी संसाधन कक्षाकडेच बोट दाखवीन. कक्षाची पाटी आहे पण शिक्षकाचे पद रिकामे आहे, असेही घडते, म्हणून प्रवेशापूर्वी वेळापत्रक मागून पाहावे आणि एका वेळी किती मुले बसतात ते विचारावे.

ज्यांच्याकडे शॅडो टीचर आधीपासून आहे त्यांनी ती तडकाफडकी बंद करू नये. मूल त्याने बिथरते. तिची खुर्ची आधी बाकाच्या मागे, मग वर्गाच्या कडेला आणि पुढे काही तासांपुरती वर्गाबाहेर, असा क्रम आराखड्यात लिहून घ्यावा, आणि मुलासाठी असलेला प्रश्न तिला विचारला गेला तर तिने उत्तर न देता मुलाकडे पाहावे, एवढी एक सूचना पहिल्याच दिवशी द्यावी.